हार्ड की हार्डली? लेट की लेटली? असं ओळखा

इंग्रजीत विशेषणाला 'ली' (ly) लावलं की क्रियाविशेषण तयार होतं असं शाळेत शिकवतात, ते बरोबरच आहे, पण काही शब्दांत 'ली' लागलं की अर्थच बदलतो आणि तिथेच घात होतो. सगळ्यात जास्त गोंधळ हार्ड-हार्डलीचा. 'शी वर्क्स हार्ड' म्हणजे ती खूप मेहनत करते आणि 'शी हार्डली वर्क्स' म्हणजे ती जवळपास कामच करत नाही, म्हणजे कौतुक करायला गेलात आणि झाली निंदा! जागा पण बघा, हार्ड क्रियापदानंतर येतो, हार्डली बहुतेक वेळा आधी. आणि हार्डलीमध्ये नकार आधीपासूनच असतो, म्हणून सोबत परत नॉट लावू नका, बोलताना काही लोक 'कान्ट हार्डली' म्हणतात खरं पण परीक्षेत ते चूकच धरतात.

लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे हल्ली. 'ही केम लेट' बरोबर, तिथे लेटली चालणार नाही. लेटली सहसा हॅव-हॅजवाल्या वाक्यात शोभतो, जसं 'आय हॅव बीन बिझी लेटली'.

निअर जवळ, निअरली जवळजवळ, एवढंच.

अडलात तर वाक्यात 'जेमतेम', 'हल्ली' किंवा 'जवळजवळ' घालून बघा, नीट बसला तर बिनधास्त 'ली'वालं रूप वापरा.