वीस भालाइतांचं युनिट रंगवायला घेताय? आधी ब्रश बाजूला ठेवा

टेबलावरच्या युद्धखेळांच्या छोट्या मॉडेल्समधे एक हिरो रंगवणं वेगळं आणि वीस जणांचं युनिट, म्हणजे एकत्र लढणारी तुकडी, रंगवणं वेगळं. हिरो आपण हातात घेऊन डोळ्यासमोर फिरवून बघतो, पण युनिट टेबलावर असतं आणि आपण उभे असतो, म्हणजे मधे तीनेक फूट अंतर असतंच, आणि तिथून पट्ट्याची बक्कल, बटणं, बुटांच्या नाड्या यातलं काहीही दिसत नाही. दिसतो तो ढालींचा रंगीत पट्टा, चेहऱ्यांची रांग, वर भाल्यांची टोकं आणि मधलं निशाण. मेहनत घालायची ती या चार ठिकाणी, बाकीचं स्वच्छ असलं की झालं. हे आधी मनात पक्कं करा कारण अर्धवट राहिलेली बहुतेक युनिट्स बक्कल रंगवतानाच अडकलेली असतात.

सुरुवात जोडणीपासून. रांगेत उभं राहणारं युनिट असेल तर चिकटवण्याआधी मॉडेल्स नुसती लावून बघा, पाच-पाचच्या चार रांगा करून. पुढच्याचा भाला मागच्याच्या नाकात जातोय का, कोणाचं कोपर शेजाऱ्याच्या ढालीला अडतंय का, हे आत्ताच कळतं. वॉरहॅमरचा द ओल्ड वर्ल्ड हा खेळ २०२४ मधे आला तेव्हा माणसांच्या पायदळाचा चौकोनी बेस (मॉडेलच्या पायाखालचा तळ) २० वरून २५ मिलिमीटर झाला, त्यामुळे आता थोडी ऐसपैस जागा मिळते, तरी भाले आडवे धरलेली पोझ असेल तर ती पहिल्या रांगेतच द्या, मागच्यांचे भाले सरळ वर. जुळलं की प्रत्येक बेसच्या खाली मार्करने नंबर टाका, १ ते २०. रंगवून झाल्यावर कोण कुठे उभा होता हे अजिबात आठवत नाही, मी एकदा नंबर न टाकता रंगवलं होतं आणि नंतर एक अख्खी संध्याकाळ वीस माणसं इकडून तिकडे सरकवत बसलो होतो.

प्लास्टिक असेल तर प्लास्टिक ग्लू वापरा, तो प्लास्टिक किंचित वितळवून सांधा एकजीव करतो. रेझिन आणि धातूला तो चालत नाही, तिथे सुपर ग्लू. रेझिनचे भाग आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा, साच्यातला तेलकट थर राहिला तर पुढे रंग सोलला जातो. साच्याच्या जोडाची जी बारीक रेघ येते ती चाकूच्या पाठीने खरवडून काढा, निदान शिरस्त्राण, चेहरा आणि भाल्याच्या दांड्यावरची तरी नक्की, कारण पुढे ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासणं) केलं की ती रेघ आणखी उठून दिसते. ढाली मात्र चिकटवू नका, त्या वेगळ्या रंगवायच्या.

आता रंग. मी मुख्य रंग तीनच ठेवतो, एक मोठा, एक मध्यम, एक अगदी थोडा पण ठसठशीत. समजा गडद निळे कपडे, मळकट पांढऱ्या बाह्या, आणि पिवळा फक्त ढालीवर, निशाणावर आणि शिरस्त्राणाच्या पिसावर. तो पिवळा प्रत्येक माणसावर त्याच जागी आला पाहिजे, मग लांबून सगळी पलटण एक दिसते. चामडं, लाकूड, धातू हे रंग मी मोजत नाही, ते सगळीकडे असतातच. आणि रंग ठरवताना नुसता रंग बघू नका, उजेड-काळोख बघा: एक मॉडेल रंगवा, मोबाइलने फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. सगळं एकच करडं दिसलं तर लांबून पण ते करडंच दिसणार, मग एखादा रंग उजळ करा.

हे पहिलं मॉडेल, टेस्ट मॉडेल, शेवटच्या रांगेतलं घ्या. ते बेससकट पूर्ण करा आणि करताना वहीत लिहीत जा, कुठला रंग, किती पाणी, कुठला वॉश (खोबणीत उतरून सावली देणारा पातळ रंग), कशावर काय. चौथ्या दिवशी बाह्यांना नक्की काय वापरलं होतं ते वहीच सांगते.

प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) स्प्रेने मारणार असाल तर डबा दोन मिनिटं नीट हलवा, वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून, छोटे छोटे फटके, एका जागी थांबायचं नाही. हवा दमट असेल तर त्या दिवशी स्प्रे नकोच. मी अशा हवेत दहा मॉडेल्स प्राइम केली आणि सगळ्यांचा पृष्ठभाग सँडपेपरसारखा खरखरीत झाला, शेवटी सगळी परत धुवून काढावी लागली. मला स्वतःला आधी पूर्ण काळा आणि मग फक्त वरून पांढरा किंवा फिका करडा अशी पद्धत आवडते, सावली कुठे पडते ते आयतं दिसतं, आणि वरून पातळ पारदर्शक रंग वापरायचे असतील (सिटाडेल ब्रँडचे कॉन्ट्रास्ट रंग २०१९ मधे आले, आता बऱ्याच कंपन्यांचे मिळतात) तर अर्धी शेडिंग फुकटात होते.

रंगवायला पाच-पाच घ्या, वीस एकदम नको. पाचव्याला निळा लावून होईपर्यंत पहिला वाळलेला असतो, वाट बघावी लागत नाही, आणि पाच पूर्ण झाले की समोर दिसतात, हुरूप येतो. वीस एकदम घेतले की एकाच रंगावर तासन् तास जातात आणि हात कंटाळतो. क्रम असा ठेवा की घाण करणारी कामं आधी: चिलखतावर धातूचा रंग ड्रायब्रशने मारायचा तर तो कपड्यांच्या आधीच, कारण तो आजूबाजूला उडतोच. मग त्वचा, मग कपडे, मग चामडं, सगळ्यात शेवटी भाल्याचा दांडा. रंग दुधाइतका पातळ करा आणि दोन हात द्या, एक जाड हात दिला की चेहऱ्याचे बारकावे बुजतात. वेट पॅलेट नसेल तर डबीत ओला स्पंज आणि त्यावर बेकिंग पेपर, रंग तासन् तास वाळत नाही.

चेहऱ्यावर मात्र जरा थांबा. आधी लालसर तपकिरी छटेचा त्वचेचा रंग सगळीकडे, वर तपकिरी वॉश, तो डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाच्या कडेला आपोआप उतरतो, हनुवटीवर थेंब साचला तर ओलसर ब्रशने टिपून घ्या. अर्धा तास पूर्ण वाळू द्या, घाई केलीत तर वॉश उचलला जाऊन डाग पडतो. मग मूळ रंग नाकाचा शेंडा, गालाची हाडं, भुवयांच्या वरची कड आणि खालचा ओठ एवढ्याच जागी, आणि अजून थोडा उजळ रंग फक्त नाकाच्या टोकावर एक ठिपका. डोळे रंगवू नका. २८ मिलिमीटरच्या माणसाला दोन पांढरे ठिपके दिले की तो दचकल्यासारखा दिसतो, खोबणीतली गडद सावली लांबून डोळ्यांचंच काम करते. चॅम्पियनला, म्हणजे तुकडीच्या म्होरक्याला, द्यायचे तर द्या.

ढाली काडीवर ब्लू टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट पुट्टीने) लावून रंगवा. उभे दोन भाग, एक निळा एक पिवळा, एवढं साधं डिझाइन वीस वेळा सारखं जमतं आणि लांबून झकास दिसतं. ट्रान्सफर (चिकटवायचं तयार चित्र) लावायचा असेल तर आधी ग्लॉस वार्निश, मग ट्रान्सफर, मग मॅट, म्हणजे त्याची चकाकती कड दिसत नाही. चिकटवण्याआधी ढालीच्या मागचा आणि छातीवरचा रंग सांध्याच्या जागी थोडा खरवडा, ग्लू प्लास्टिकला धरतो, रंगाला नाही.

निशाण बरेच जण शेवटी ठेवतात, मी दहा माणसं झाली की घेतो. तोपर्यंत हात बसलेला असतो आणि अजून थकलेला नसतो, आणि निशाण झालं की उरलेल्या दहांना काय शोभेल ते डोळ्यासमोर येतं. कापडाच्या घड्यांत गडद निळा, उंचवट्यावर फिका, यावर तासभर घालवा, सगळ्यांचं लक्ष तिथेच जातं.

बेससाठी पांढरा गोंद, वाळू, वाळल्यावर तपकिरी रंग, वर फिक्या रंगाचा ड्रायब्रश. गवताचे पुंजके फक्त बाहेरच्या कडेच्या मॉडेल्सवर लावा, आतल्या सहा जणांचे बेस रांगेत कोणाला दिसतच नाहीत आणि पुंजके मधे आले की बेस एकमेकांना चिकटून बसत नाहीत. कड सगळ्यांची एकाच रंगाने. मॅट वार्निश पहिल्यांदा एकाच मॉडेलवर मारून बघा, पांढुरकं झालं नाही तरच बाकीच्यांवर. आणि वहीतली ती रंगांची यादी मूव्हमेंट ट्रेच्या (युनिट एकत्र सरकवायच्या पाटीच्या) खालच्या बाजूला चिकटवून ठेवा, वर्षभराने अजून पाच भालाईत वाढवायचे झाले तर तोच निळा हवा असतो.