गाडीसाठी स्वस्त जीपीएस घेताना या चुका टाळा

‘गाडीला जीपीएस पाहिजे’ एवढंच सांगितलं, तर दुकानदार अनेकदा ट्रॅकर काढून देतो. त्याला स्क्रीन नसते, आत सिमकार्ड असतं. गाडी कुठे आहे हे तो मालकाच्या मोबाइलवर कळवतो, रस्ता दाखवत नाही. म्हणून ‘रस्ता दाखवणारा, नेव्हिगेशनचा’ असं स्पष्ट सांगा.

कोल्हापूर परिसरातल्या शाहूपुरी, रंकाळा, शिरोली एमआयडीसी अशा रोजच्या फेऱ्यांना हातातला मोबाइल पुरतो. खर्च घट्ट होल्डर आणि किमान २ अँपिअरच्या चार्जरवर करा. चार्जर कमी ताकदीचा असेल तर पिन लावलेली असूनही बॅटरी उतरत जाते. होल्डर काचेवर लावला तर एप्रिल-मेच्या उन्हात फोन तापतो, चार्जिंग थांबतं. तो एसीच्या जाळीवर बसवा.

गगनबावडा किंवा दाजीपूरच्या बाजूला रेंज गेली की ठिपका सरकतो, पण नकाशा कोरा दिसतो. उपग्रहाच्या संदेशाला इंटरनेट लागत नाही, नकाशा उतरवायला लागतं. त्या भागाचा ऑफलाइन नकाशा घरच्या वायफायवर आधीच घेऊन ठेवा.

सगळ्यात जास्त तक्रारी डॅशबोर्डमध्ये बसवायच्या, स्क्रीनवर नकाशा दाखवणाऱ्या अँड्रॉइड स्टिरिओच्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा बसवण्यातल्या चुकांमुळे. सेटसोबत चौकोनी काळा अँटेना येतो. घाईत तो स्टिरिओच्या मागे, लोखंडी पट्टीखाली कोंबला जातो. मग गाडी एका रस्त्यावर आणि बाण शेजारच्या सर्व्हिस रोडवर! अँटेना डॅशबोर्डवर पुढच्या काचेजवळ, आडवा, लोहचुंबकाची बाजू खाली ठेवून बसवा. डॅशकॅम आणि स्वस्त चार्जर त्याच्यापासून हातभर लांब ठेवा. त्यांच्या विद्युत गोंधळात उपग्रहाचा क्षीण संदेश हरवतो. काचेवर धातूमिश्रित फिल्म असली तरी हेच होतं.

वायरिंग स्वतः बघून घ्या. बहुतेक सेटमध्ये पिवळी वायर बॅटरीची, लाल चावीची आणि काळी अर्थिंगची असते. पिवळी आणि लाल दोन्ही चावीवर जोडल्या तर प्रत्येक वेळी सेट नव्याने सुरू होतो आणि जागा सापडायला उशीर लागतो. दोन्ही थेट बॅटरीवर जोडल्या तर बॅटरी बसते.

जुनं नेव्हिगेशन यंत्र घेणार असाल तर मोकळ्या मैदानात पाच-दहा मिनिटं स्थिर ठेवा आणि तारीख बघा. ६ एप्रिल २०१९ ला जीपीएसचा आठवड्यांचा मोजणी-अंक पुन्हा शून्यावर आला. काही जुनी यंत्रं तेव्हापासून तारीख १०२४ आठवडे, म्हणजे जवळपास वीस वर्षं मागची दाखवतात. नकाशा अजून अपडेट होतो का, हेही पैसे देण्याआधी विचारा. होत नसेल तर घेऊ नका.

पावसाळ्यातली चूक मात्र जिवावर बेतू शकते. पंचगंगा, भोगावती, कासारी या नद्यांवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे (पाणी अडवणारे, वरून रस्ता जाणारे ठेंगणे बांध) दरवर्षी पाण्याखाली जातात. यंत्राला तो जवळचा रस्ता वाटतो आणि ते बिनदिक्कत तिकडेच वळवतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं होतं. जून ते सप्टेंबर निघण्यापूर्वी नकाशा बोटांनी मोठा करून पूर्ण मार्ग पाहा. नदी कुठे ओलांडतोय ते शोधा. बंधारा असेल तर वाहतूक सुरू असलेल्या मोठ्या पुलावर मधला थांबा टाका, म्हणजे यंत्र मार्ग तिकडून आखतं.