स्त्रीच्या जांघेत पाण्याची गाठ आढळल्यास काय करावे

जांघेत गाठ हाताला लागली की घरातील मोठी माणसे "अवधाण आले असेल" म्हणतात आणि पायाला कुठे जखम आहे का ते पाहतात. ते पाहणे योग्यच आहे. परंतु जखम नाही, ताप नाही आणि लिंबाएवढी मऊ गाठ महिनोन्महिने तशीच असेल, तर नकच्या नलिकेतील हायड्रोसील (पिशवीत पाणी साठून झालेली गाठ) ही दुर्मिळ शक्यता ध्यानात ठेवावी. हायड्रोसील पुरुषांनाच होते, हा समज येथे आड येतो.

मुलगी आईच्या गर्भात असताना तिच्या पोटाच्या आतील आवरणाची एक बारीक पिशवी गर्भाशयाच्या गोल बंधासोबत जांघेत उतरते. डच शरीररचनाशास्त्रज्ञ अँटोन नक यांनी १६९१ मध्ये या पिशवीचे वर्णन केले, म्हणून तिला नकची नलिका म्हणतात. ती सहसा बालपणीच बुजते. न बुजल्यास तिच्यात पाणी साठू शकते आणि गाठ कधीकधी मोठ्या वयात प्रथमच दिसते.

दवाखान्यात जाण्यापूर्वी खोकल्यावर गाठ फुगते का, आडवे झाल्यावर आत जाते का आणि पाळीच्या दिवसांत दुखते का, हे टिपून ठेवावे. आत जाणारी गाठ हर्नियाकडे (पोटातील आतडे वगैरे कमजोर जागेतून बाहेर उतरणे), तर पाळीत दुखणारी एंडोमेट्रिओसिसकडे (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणे) बोट दाखवते. शेक देऊ नये, चोळू नये. सुईने पाणी काढून घेण्याचा आग्रहही धरू नये, कारण पिशवी शिल्लक राहिल्याने पाणी पुन्हा भरते आणि आत आतडे किंवा बीजकोश उतरलेला असल्यास सुई धोक्याची ठरते.

नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) या सरकारी रुग्णालयांच्या सर्जरी ओपीडीत दाखवता येते. लाजेपोटी केवळ "पोट दुखते" असे सांगू नये. त्या एका वाक्यामुळे पोटाची सोनोग्राफी लिहून दिली जाते आणि जांघ पाहायची राहून जाते. चिठ्ठीवर जांघेची सोनोग्राफी लिहिली आहे याची खात्री करावी, गाठीच्या कडेने पेनाने खूण करून जावे आणि उभे राहून, जोर करूनही तपासण्याची विनंती करावी. चित्र अस्पष्ट असल्यास एमआरआय सांगतात.

गाठ अचानक कडक व लाल झाली, तीव्र दुखू लागली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर ओपीडीची वाट न पाहता त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठावी, कारण अडकलेल्या हर्नियात काही तासही महत्त्वाचे असतात.

खात्रीचा उपचार म्हणजे शस्त्रक्रियेने पिशवी संपूर्ण काढून तिचे तोंड बांधणे. सोबत हर्निया असल्यास तोही दुरुस्त करतात, गरजेनुसार जाळी बसवतात. काढलेली पिशवी तपासणीस पाठवली का हे विचारावे आणि टाके दाखवायला जाताना तो अहवाल सोबत न्यावा.