गोधडी शिवण्याआधी कच्चे टाके घालाच

हौसेने शिवलेली गोधडी मध्येच फुगते किंवा कडेला तिरकी जाते, तेव्हा दोष बहुतेकदा हाताचा नसतो, घाईत गुंडाळलेल्या तयारीचा असतो.

जुन्या सुती साड्या आधीच आटलेल्या असतात, म्हणून त्या उत्तम. वर नवं कापड लावणार असाल तर ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यातच ते आटतं आणि गोधडी आक्रसते.

अस्तर जमिनीवर ताणून पसरा, कोपऱ्यांवर जड डबे ठेवा. त्यावर एकेक थर हाताने सपाट करत घाला. मग वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, वीतभर अंतरावर, लांब लांब कच्चे टाके, म्हणजे थर जागेवर धरणारे तात्पुरते टाके, घाला. सुरुवात मधूनच करा आणि कडांकडे जा, म्हणजे सुरकुत्या बाहेर सरकतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण मला विचाराल तर अर्धी गोधडी इथेच शिवून होते.

आता धावदोरा, म्हणजे खालीवर जाणारा साधा सरळ टाका. दोरा हातभरच घ्या, लांब दोरा गुंततो. गाठ वर दिसू देऊ नका. हलका हिसका देऊन ती थरांत ओढून घ्या. दोन ओळींत दोन बोटं अंतर पुरे. टाका खेचून घट्ट केला की कापड चुण्या धरतं. जाड थरांतून सुई रेटताना मधल्या बोटात अंगुस्ताना, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, हवाच.

कच्चे टाके सगळ्यात शेवटी उसवा.