वस्तीतल्या मुलांसाठी ग्रँटवर मेंटॉरिंग चालवताय? मग या चुका टाळा

पुण्यात वस्तीतल्या मुलांसाठी काहीतरी करायचंय म्हणणारी नवी टीम दरवर्षी कुठे ना कुठे उभी राहते, कधी पर्वती पायथ्याला, कधी येरवड्यात, कधी अप्पर इंदिरानगरला, आणि मला मनापासून आनंद होतो कारण मुलं भरपूर आहेत आणि हात कमी. पण त्याच त्याच चुका बघून आता जीव मेटाकुटीला आलाय. त्यांची किंमत संस्था मोजत नाही, पैसे देणारा फंडरही मोजत नाही, ती मोजतं आठवीतलं पोरगं. म्हणून लिहितेय. कडक वाटलं तर वाटू दे.

चार शनिवार येऊन गायब होणारे मेंटॉर

सगळ्यात वाईट चूक हीच, म्हणून आधी हीच घेते.

पर्वतीच्या उतारावरच्या एका वस्तीत एका संस्थेचा कार्यक्रम चालायचा, समाजमंदिरात, शनिवारी दुपारी. कंपनीतून व्हॉलंटियर आले, पहिल्याच दिवशी नावं पुकारून एक मूल आणि त्याचा एक मोठा मार्गदर्शक, म्हणजे मेंटॉर, अशा जोड्या लावल्या, टीशर्ट वाटले, ग्रुप फोटो झाला. त्यात आठवीतला एक मुलगा होता, वडील रंगकाम करणारे, त्याला मिळालेला दादा हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीतला. जमलं दोघांचं छान. मुलाला वायरिंगचं वेड, घरातला पंखा खोलून परत बसवायचा, आणि दादा त्याचं नीट ऐकून घ्यायचा. पोरगं आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून ठेवायला लागलं. मी बघितलंय ते पान. वायरमन आणि इलेक्ट्रिशियन एकच असतात का, आयटीआयला गणितात किती मार्क लागतात, तुमच्या ऑफिसात लाइट गेली तर लिफ्टमधल्या माणसांचं काय होतं.

मग दादाच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आलं, त्यानंतर ऑनसाइट, म्हणजे परदेशात क्लायंटकडे कामाला जायचं आलं, आणि तो गेला. मुलाला कुणी सांगितलंच नाही. कोऑर्डिनेटर म्हणायची दादा बिझी आहे, पुढच्या शनिवारी येईल, आणि हा पुढचा शनिवार दिवाळीपर्यंत चालला. मुलगा दाराजवळच्या सतरंजीवर वही घेऊन बसायचा. दिवाळीनंतर दुसरा दादा आणून बसवला तेव्हा त्याने वही मिटली आणि म्हणाला, मला काय विचारायचं नाहीये. मागचं पान फाडलेलं होतं. जानेवारीपासून तो यायचाच बंद झाला आणि संस्थेच्या रिपोर्टमध्ये मात्र तो बेनिफिशरी म्हणून मोजलेला.

दादा वाईट नव्हता हो. पुढचं वर्षभर पुण्यात आहेस का, एवढं साधं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आणि ही काही माझी एकटीची भावनिक तक्रार नाही. अमेरिकेत बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स नावाचा मेंटॉरिंगचा फार जुना कार्यक्रम आहे, त्यातल्या मुलांवर ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या दोघींनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची जोडी वर्षभर किंवा जास्त टिकली त्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा दिसला, आणि ज्यांची तीन महिन्यांच्या आत तुटली त्यांची परिस्थिती काही बाबतीत उलट बिघडली. म्हणजे अर्धवट मेंटॉरिंगपेक्षा अजिबात न केलेलं बरं. हे वाक्य मी प्रत्येक नव्या टीमला पहिल्याच मीटिंगमध्ये ऐकवते, चेहरे पडतात, पडू देते.

माझी पद्धत अशी, पुस्तकी नाही, सवयीची आहे. नवीन माणसाला लगेच मूल देत नाही. पहिला महिना-दीड महिना त्याने सतरंज्या घालायच्या, हजेरी घ्यायची, खाऊ वाटायचा आणि मुलांमध्ये नुसतं बसायचं. ज्याला सर्टिफिकेट हवंय तो याच काळात गळतो आणि ते चांगलंच आहे. टिकला तर समोर बसवून थेट विचारते, ऑनसाइट ठरतंय का, एमएसचे अर्ज केलेत का, लग्न ठरतंय का, घर बदलून वाकड-खराडीकडे जाणार आहेस का. लोकांना हे खासगी वाटतं पण मुलाच्या दृष्टीने हेच महत्त्वाचं आहे. एकास एक जोडी मी लावतच नाही, दोन मेंटॉर मिळून तीन-चार मुलं, म्हणजे एक गेला तरी दुसरा ओळखीचा चेहरा असतो. आणि जाणाऱ्याने स्वतः येऊन निरोप घ्यायचा, फोनवर नाही, ग्रुपवर मेसेज टाकून तर नाहीच नाही. मुलाला कारण कळलं की ते सहन करतं, कारण न सांगता माणूस गेला की त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

वार शनिवार किंवा रविवारच ठेवा. हिंजवडीतून संध्याकाळी निघालेला माणूस मधल्या वारी वेळेवर पर्वतीला पोचेल असं प्रपोजलमध्ये लिहिणाऱ्याने एकदा तो प्रवास करून बघावा.

फंडरचं वर्ष आणि मुलांचं वर्ष

दुसरी चूक, आणि यावर मी कितीही बोलू शकते. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. शाळा सुरू होते जूनच्या मध्यात. कमिटीची मंजुरी, एमओयू म्हणजे करार, सीएसआर-१ नंबर (सीएसआर म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी, तो घ्यायला संस्थेला लागणारी नोंदणी), आयकराच्या नोंदणीची १२ए आणि ८०जीची कागदपत्रं हे सगळं होऊन पहिला हप्ता खात्यात येईपर्यंत बऱ्याचदा ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. तोपर्यंत गणपती. मोठी मुलं संध्याकाळी ढोल पथकाच्या सरावाला, धाकटी मंडळाच्या मांडवात. मग सहामाही, मग दिवाळी, मग गॅदरिंग, मग दहावीवाल्यांच्या पूर्वपरीक्षा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. तरी प्रपोजलमध्ये बारा महिने, दर आठवड्याला दोन सेशन, असं छापील लिहिलेलं असतं.

याचा शेवट मार्चमध्ये होतो. शहराच्या पूर्व भागातल्या एका संस्थेला फेब्रुवारीत फोन आला, बरीच रक्कम शिल्लक दिसतेय, मार्चच्या आत खर्च करून बिलं पाठवा. संस्थेने घाबरून टॅबलेट घेतले आणि एक मोठी रोबोटिक्स कार्यशाळा लावली, हॉल भाड्याने घेऊन, बाहेरून ट्रेनर बोलावून. कार्यक्रम होता नववी-दहावीसाठी. दहावीची मुलं त्या आठवड्यात बोर्डाचा पेपर देत होती, नववीची वार्षिकच्या तयारीत. मग हॉल रिकामा दिसू नये म्हणून वस्तीतली तिसरी-चौथीची पोरं आणून बसवली, त्यांना मोटर कुठली आणि सेन्सर कुठला काही कळत नव्हतं, बिचारी नाश्त्याच्या पाकिटाची वाट बघत बसली. टॅबलेट कपाटात गेले, कारण समाजमंदिरात एकच प्लग पॉइंट आणि तोही पंख्याचा. त्याच वर्षी त्याच संस्थेत वस्तीतल्या ताईचं मानधन वाढवायला पैसे नाहीत म्हणून सांगितलेलं मला माहितीये.

वाईट याचं वाटतं की हे टाळता येत होतं. कंपनी कायदा २०१३ च्या सीएसआरबद्दलच्या कलम १३५ मध्ये चालू प्रकल्प (ऑनगोइंग प्रोजेक्ट) अशी सोय आहे. प्रकल्प एका वर्षापेक्षा जास्त काळाचा म्हणून मंजूर असेल तर उरलेली रक्कम कंपनीने आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांच्या आत वेगळ्या अनस्पेंट सीएसआर खात्यात टाकायची असते आणि ती पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. प्रकल्प एका वर्षाचा धरलेला असला तरी कंपनीचं संचालक मंडळ योग्य कारण देऊन मुदत वाढवू शकतं. तेव्हा मार्चमध्ये धावाधाव करण्यापेक्षा पहिल्या मीटिंगलाच कंपनीच्या माणसाला विचारा, हा प्रकल्प चालू प्रकल्प म्हणून घेताय का. नव्या संस्था हे विचारायला लाजतात. फंडर नाराज होईल म्हणतात. अहो, चांगला सीएसआर मॅनेजर या प्रश्नाने खूष होतो, कारण त्यालाही मार्चची बिलं नकोच असतात.

मी स्वतः बजेट करायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढते आणि परीक्षा, गणपती, नवरात्र, दिवाळी, गावच्या जत्रा, उन्हाळ्यात मुलं आजोळी जातात ते आठवडे, सगळं लाल पेनाने मारते, मगच उरलेल्या शनिवारांवर पैसे लावते. तो आकडा प्रपोजलमध्ये छोटा दिसतो. दिसू दे, खरा तर आहे.

ताईचं मानधन बजेटमध्ये नाही

ज्या ताईच्या जिवावर सगळं चालतं, जी वस्तीतलीच असते, जी घरोघरी जाऊन मुलांना उठवून आणते, तिला ॲडमिनमध्ये, म्हणजे प्रशासकीय खर्चात टाकतात आणि मग सांगतात ॲडमिनला ५ टक्क्यांच्या वर चालत नाही. हा गैरसमज मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की आता राग येतो. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं यावर थेट झालेला खर्च त्यात धरत नाहीत. ताई प्रकल्प राबवते, तिचं मानधन प्रकल्पाचाच खर्च आहे, तसंच लिहा आणि नीट आकडा लिहा. एखादा फंडर स्वतःची वेगळी अट घालत असेल तर ती लेखी मागा.

बाकीच्या चुका भराभर सांगते.

फक्त हुशार मुलं निवडणं. शाळेला यादी मागितली की वर्गशिक्षक पहिले दहा देणार, त्यांचं तसंही बरं चाललेलं असतं. मी हजेरीपट मागते आणि ज्याची हजेरी दिवाळीनंतर घसरलीय त्याच्या घरी आधी जाते.

मुलींची वेळ. अंधार पडायच्या आत सेशन संपलं पाहिजे, आणि लहान भावंडाला कडेवर घेऊन आली तर परत पाठवायचं नाही, त्याला कोपऱ्यात रंगखडू द्या.

खाऊ कापणं. बजेट कमी केलं की पहिला खाऊ जातो. सकाळच्या शाळेतून थेट आलेलं मूल उपाशी असतं, त्याला केळं, शेंगदाणा चिक्की काहीतरी हवंच.

सुरक्षिततेचे शॉर्टकट. इथे मी एक शब्द कमी करणार नाही. व्हॉलंटियर ओळखीचा असला, मोठ्या कंपनीतला असला तरी पोलीस व्हेरिफिकेशन लागतंच, मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही, बाईकवरून सोडायला जायचं नाही, रात्री व्हॉट्सॲपवर गप्पा नाहीत. आणि लैंगिक अत्याचाराचा संशय जरी आला तरी मुलांच्या संरक्षणासाठीच्या पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संस्थेची बदनामी होईल म्हणून आपसात मिटवणं हा स्वतःच गुन्हा ठरतो. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, मुलांच्या उंचीवर लावा.

फोटो. पालकांची सही एका छापील इंग्रजी फॉर्मवर घेतात, त्यांना वाचता येत नाही. मराठीत फॉर्म करा, वाचून दाखवा, आणि नको म्हणाले तर नको. गरीब मुलगा, व्यसनी बाप असल्या ओळींखाली मुलाचा चेहरा टाकायचा नाही, त्या मुलाचे मित्र इन्स्टावर आहेत, ते बघतात.

एनरिचमेंटच्या, म्हणजे अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांच्या नादात हक्काचं सोडून देणं. विमान बनवायची कार्यशाळा होते पण आठवीतल्या मुलांचा एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म राहून जातो. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलाला ही परीक्षा देता येते, पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला काढायला वेळ लागतो, म्हणून मी जूनमध्येच पालक सभेत कागद तपासते, आधार आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळतं का तेही. कंटाळवाणं काम आहे, पण एका घरातल्या चार वर्षांच्या फीचा प्रश्न असतो.

हिशेब साठवून ठेवणं. व्हाउचर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सीएकडे गेले पाहिजेत, युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कुठे वापरले याचा दाखला) द्यायच्या आदल्या रात्री रिक्षाच्या पावत्या शोधत बसायचं नाही.

आणि शेवटची, जी जवळजवळ सगळेच करतात. ग्रँट संपणार हे ऑफिसात सगळ्यांना माहीत असतं आणि मुलांना शेवटच्या शनिवारी कळतं. फंडर पुढच्या वर्षी देईल अशी आशा असते म्हणून कुणी बोलत नाही, पण नाही दिलं तर समाजमंदिराला कुलूप आणि पोरं बाहेर उभी. निदान तीन महिने आधी मुलांना आणि पालकांना स्पष्ट सांगा. मग प्रत्येक मुलापुढे लिहा पुढे कुठे, जवळची अभ्यासिका, दुसऱ्या संस्थेचा वर्ग, आयटीआयचा प्रवेश, स्कॉलरशिपचं नूतनीकरण, कोण बघणार त्याचं नाव. त्या यादीची एक प्रत शाळेच्या मुख्याध्यापकांना द्या आणि एक वस्तीतल्या ताईकडे ठेवा, कारण जूनमध्ये शाळा उघडली की मुलं तिच्याच दारात येऊन विचारणार आहेत, ताई, वर्ग कधीपासून.