कॅन्सरची जखम, वास आणि खाज: घरी काळजी घेताना या चुका टाळा

स्तनातली किंवा तोंडातली गाठ फुटून झालेली जखम बहुतेकदा भरून येत नाही. घरच्यांना हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. मग ती बरी व्हावी म्हणून स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, हळद, जे सुचेल ते लावलं जातं. त्याने आग होते, एवढंच. धुवायला मिठाचं पाणी पुरतं: उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात साधारण ९ ग्रॅम मीठ, म्हणजे दीड चमचा (चहाचा, सपाट).

सगळ्यात दुखवणारी चूक म्हणजे वाळलेलं गॉज ओढून काढणं. रक्त बऱ्याचदा त्यामुळेच येतं. हेच पाणी ओतत राहा, गॉज सुटेपर्यंत थांबा. वेदनेची गोळी चालू असेल तर ती ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी देता येईल का, ते विचारून घ्या. रक्त आलंच तर स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरा. थांबलं का ते बघायला मधेमधे कापड उचलू नका. तरीही थांबलं नाही तर लगेच डॉक्टरांना कळवा.

वासावर अगरबत्ती आणि अत्तर नको. दोन्ही वास मिसळले की पेशंटलाच मळमळतं. मृत पेशींमध्ये हवेशिवाय वाढणारे जंतू हा वास निर्माण करतात. त्यांच्यावर मेट्रोनिडाझोल चालतं. त्याचं जेल किंवा गोळीची पूड जखमेवर टाकायला पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या) नर्स शिकवतात. प्रमाण त्यांच्याकडूनच घ्या. जखम उघडी ठेवली तर माशा बसून अळ्या पडू शकतात. तसं झालं तर लाजेने लपवू नका, नर्सना हे नवीन नसतं.

कावीळ झाल्यावर सुटणारी खाज वेगळी. ॲलर्जीच्या गोळीने झोप येते, खाज बहुधा तशीच राहते. तिची औषधं निराळी आहेत, डॉक्टरांकडे ती मागा. कडकडीत गरम पाण्याची अंघोळ टाळा. अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा, नखं कापा.

सतत पडून राहिल्याने माकडहाडापाशी लाल दिसलं की तेल लावून चोळण्याचा मोह होतो. चोळू नका, खाली ठेवायची रबरी रिंगही नको. साधारण दर दोन तासांनी कूस बदला, एअर मॅट्रेस असली तरी. शेवटच्या दिवसांत मात्र पेशंट हलवतानाच कण्हत असतील तर घड्याळ बाजूला ठेवा.