मुंबईहून झांस्कर नदी बघायला जाताना

मुंबईहून विमानाने लेहला उतरलात की समुद्रसपाटीवरून थेट ३,५०० मीटरवर. पहिले दोन दिवस नुसता आराम. डोकं ठणकत असेल तर आणखी वर जायचं नाही. पदुम गावाजवळ स्तोद आणि लुंगनाक या दोन नद्या मिळून झांस्कर होते, लेहपासून साधारण ३५ किमीवर निमूला ती सिंधूला मिळते.

वाटेतले ओढे सकाळीच ओलांडा. दुपारी बर्फ वितळतं, सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी मांडीला लागतं. ढग बघून अंदाज बांधायची आपली सह्याद्रीतली सवय इथे फसवते: आभाळ निरभ्र, ऊन कडक, तेवढं पाणी जास्त! अनवाणी उतरू नका. सॅकचा कमरपट्टा आधी सोडा. पडलात तर ती झटकन टाकता येते.